नागीण लसीची की कोरोनाची, ते मागून भांडू. आधी ७२ तास वाचवा!



पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. घरात पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल तर नक्कीच वाचा.

गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज परत परत फिरतोय. "ज्यांनी कोरोनाची लस घेतली त्यांनाच नागीण निघतेय, सरकार लपवतंय." त्याच्या खाली शंभर अंगठे. लगेच दुसऱ्या बाजूची मंडळी येतात, "लसीचा काही संबंध नाही, अडाण्यासारखं बोलू नका." मग दोन दिवस हाणामारी. ॲडमिन ग्रुप बंद करतो, परत चालू करतो, पुन्हा तेच.

माझं मेडिकलचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण नागीण झालेला माणूस बऱ्याचदा डॉक्टरच्या आधी माझ्या काउंटरवर येतो. "आग होतेय, काहीतरी मलम द्या" म्हणतो. शर्ट वर करून दाखवतो. आणि मी विचारतो, कधीपासून आहे? तर उत्तर येतं, झाले की चार-पाच दिवस. गेरू लावला, एकाकडे जाऊन उतरवून आलो, तरी ठणका जात नाही.

हे चार-पाच दिवस हाच या पोस्टचा विषय आहे. लस की कोरोना, या भांडणात मला जे माहीत आहे ते पुढे सांगतोच. पण ते भांडण करणाऱ्या दोन्ही बाजूंना माझं म्हणणं आहे की तुम्ही आजारी माणसाला पुरावा करून टाकलाय. त्याला औषध कधी मिळालं, हे कुणी विचारतच नाही.

आधी नागीण म्हणजे काय ते बघू

लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांना कांजिण्या झाल्यात. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मणक्याजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन गप पडून राहतो. पाच वर्षं नाही, पन्नास-पन्नास वर्षं. आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते. वय वाढलं, शुगर वाढली, मोठं आजारपण झालं, स्टेरॉइड चालू असलं, कॅन्सरचे उपचार चालू असले, तर पहारा ढिला पडतो. मग तो विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. तीच नागीण.

म्हणून ती पट्ट्यासारखी दिसते. आणि म्हणूनच ती साधारणपणे शरीराच्या एकाच बाजूला असते, कारण तो मज्जातंतू त्या एकाच बाजूला पसरलेला असतो. "नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो" असं आपण आजीकडून ऐकलंय. वेढा पूर्ण होत नाही तो मंत्रामुळे नव्हे, तर शरीराची तारच तशी ओढलेली आहे. रोगप्रतिकारशक्ती फारच खचलेल्या माणसाला क्वचित दोन्हीकडे किंवा अंगभर फोड येतात. तेव्हा माणसाला धोका असतो तो खचलेल्या शक्तीचा, वेढ्याचा नाही.

या विषाणूचं मोठं घराणं आहे, हर्पीस म्हणतात त्याला. ताप उतरताना ओठाच्या कडेला बारीक फोड उठतात, तो त्याच घरातला. एपस्टाइन-बार आणि सायटोमेगॅलो नावाचे दोघे आहेत, ते तर बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. या सगळ्यांचा गुण एकच. एकदा घरात शिरले की जात नाहीत, झोपून राहतात, संधी मिळाली की उठतात.

कोरोनाने ते उठतात का?

उठतात, असं म्हणायला चांगला आधार आहे. कोरोना जोरात झाला की रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी होतात. पहारा देणाऱ्या याच त्या पेशी. वर गंभीर रुग्णाला स्टेरॉइड द्यावं लागतं. ते जीव वाचवण्यासाठीच असतं, पण त्याने पहारा आणखी ढिला पडतो.

अमेरिकेत ५० च्या वरच्या सुमारे ३ लाख ९४ हजार कोरोना झालेल्या लोकांची तुलना कोरोना न झालेल्यांशी केली. तो अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. कोरोना झालेल्यांत नागिणीचं प्रमाण १५ टक्के जास्त निघालं, आणि जे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होते त्यांच्यात २१ टक्के जास्त. आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा अभ्यास जीएसके कंपनीने केला, आणि नागिणीची लस विकणारी कंपनी तीच आहे. म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही. पण लसविरोधी मेसेज तपासून घ्या म्हणतो तर हेही तपासूनच घ्यावं.

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. २०२१ च्या जूनमध्ये दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलने ५ रुग्णांची माहिती जाहीर केली. कोरोना झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पोटदुखी आणि शौचावाटे रक्त. तपासणीत सायटोमेगॅलो विषाणू निघाला. त्यातला एक रुग्ण दगावला. आतापर्यंत असे रुग्ण म्हणजे अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा एड्सचे, असंच डॉक्टर मानत आले होते. हे तसे नव्हते.

कोरोना जाऊन महिने झाले तरी थकवा जात नाही, डोकं चालत नाही, अशी तक्रार करणारे आपल्याकडेही आहेत. त्यांच्याबाबत २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ३० पैकी २० जणांत एपस्टाइन-बार जागा झाल्याच्या खुणा सापडल्या. कोरोनानंतर ठणठणीत असलेल्या २० जणांत त्या फक्त दोघांत होत्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून लगेच निकाल लावायचा नाही. पण "तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत" असं अशा माणसाला ऐकवणं बंद करायला तेवढं पुरे.

आणि लसीने?

इथे दोन्ही बाजूंनी जरा शांत बसून वाचा.

सगळ्यात आधी, लसीत नागिणीचा विषाणू नसतो. कोविशील्ड आपल्याच पुण्यात, सीरममध्ये बनली. तिच्यात चिंपांझीचा सर्दीचा विषाणू, अ‍ॅडिनो जातीचा, दुबळा करून वापरलाय. कोव्हॅक्सिनमध्ये मारून टाकलेला कोरोना विषाणू आहे आणि तो वेगळा केला होता पुण्याच्याच एनआयव्हीने. यातला कुठलाही विषाणू हर्पीस घराण्यातला नाही. म्हणजे "लसीतून नागीण टोचली" हे शंभर टक्के चूक.

पण लसीमुळे अंगात आधीच झोपलेला विषाणू उठू शकतो का? हा प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनी तो विचारलाय. कल्पना अशी की लस टोचल्यावर रोगप्रतिकारशक्तीचं लक्ष काही दिवस नव्या कामाकडे जातं आणि तेवढ्यात जुना चोर संधी साधतो.

इस्राएलमध्ये फायझरची लस घेतलेल्या लाखो लोकांचा हिशोब मांडला गेला, २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लस घेतल्यावर ४२ दिवसांत नागिणीचं प्रमाण न घेतलेल्यांच्या १.४३ पट निघालं. ऐकायला मोठं वाटतं. पण माणसांत मोजलं तर १ लाख लस घेतलेल्यांमागे सुमारे १६ जण जास्त.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत २० लाखांहून जास्त लस घेतलेल्यांचा अभ्यास झाला. एकाच माणसाचा लसीनंतरचा महिना आणि त्याच माणसाचा नंतरचा काळ, अशी तुलना केली. नागीण वाढलेली दिसली नाही. म्हणजे मोठ्या अभ्यासांतही एकमत नाही. शिवाय हे अभ्यास मुख्यतः फायझर आणि मॉडर्नाच्या लसींवर आहेत. आपण घेतल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन. इस्राएलचा १६ चा आकडा उचलून देहूला चिकटवता येत नाही. पण "काडीचाही संबंध नाही" असंही छातीठोक म्हणता येत नाही, कारण कोव्हॅक्सिननंतर नागीण निघालेल्या रुग्णांची नोंद भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली आहे.

आता साधं गणित करू. लसीबिसीचा विषय सोडा. पन्नाशी ओलांडलेल्या हजार माणसांत वर्षाला साधारण ५ ते १० जणांना नागीण निघतेच, असं जगभरचे आकडे सांगतात. म्हणजे १ लाखात वर्षाला ५०० ते १,०००. दीड महिन्यात साधारण ६० ते ११५. हे लस आली नसती तरी निघालेच असते. आणि आपण काय केलं? २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये ४५ आणि ६० च्या वरच्या कोट्यवधी लोकांना काही आठवड्यांत लस टोचली. ऑक्टोबरपर्यंत देशात १०० कोटी डोस झाले. नागीण ज्या वयात निघते त्याच वयाला, एकदम. साहजिकच हजारो लोकांना लसीनंतर महिन्याभरात नागीण निघाली असणार. त्यातली बहुतेक तशीही निघणारच होती. काही लसीमुळे निघाली असतील. एकेका माणसाकडे बोट दाखवून हे कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी नोंद ठेवावी लागते आणि मोजावं लागतं.

आणि तराजूचं दुसरं पारडंही बघा. नागीण त्रास देते, पण सहसा जीव घेत नाही. कोरोनाने आपल्या राज्यात, सरकारी आकड्यानुसारच, १ लाख ४८ हजारांहून जास्त माणसं गेली. नेहरूनगरच्या जम्बो हॉस्पिटलबाहेर रात्र काढलेले लोक या पोस्टखाली कमेंट करतील, त्यांना विचारा. मी लस घेतली, घरच्यांना दिली. आज तीच परिस्थिती आली तर परत घेईन.

मग लोकांचा विश्वास का उडाला?

२०२४ च्या एप्रिल-मेमध्ये बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं, त्यांच्या लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आपली कोविशील्ड तीच. खरं तर ही गोष्ट २०२१ पासून जगजाहीर होती, युरोपातल्या औषध नियामकांनी तेव्हाच सांगितली होती. पण आपल्याकडे कुणी साध्या मराठीत सांगितलीच नाही. तीन वर्षांनी ती कोर्टाच्या बातमीतून कळली. मग माणसाला वाटणारच की एवढं लपवलं तर अजून काय काय लपवलं असेल.

"काहीही होत नाही, बिनधास्त घ्या" असं सांगण्याचा हा परिणाम आहे. "थोडा ताप येईल, क्वचित अमुक होऊ शकतं, झालं तर इथे या" असं तेव्हाच सांगितलं असतं तर आज नागिणीच्या मेसेजला एवढे अंगठे मिळाले नसते. माणसं दुष्परिणामाने बिथरत नाहीत, आपल्याला येडं समजलं की बिथरतात.

दोन माणसं, एकच आजार

नावं सांगत नाही, गाव लहान आहे.

एक आमच्या नात्यातल्या मावशी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोरोना झाला, ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड झालं, वाचून घरी आल्या. महिन्याभराने कपाळाची उजवी बाजू दुखायला लागली. डोकेदुखीची गोळी घेतली. दोन दिवसांनी कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले. शेजारच्या गावात एक जण नागीण उतरवतात, तिथे नेलं. तीन दिवस खेपा झाल्या. सहाव्या दिवशी डोळा लाल होऊन सुजला, तेव्हा डॉक्टरकडे नेलं. त्या डोळ्याला आज अंधुक दिसतं. आणि कपाळाला अजून पदराचा स्पर्श सहन होत नाही. घरातली चर्चा मात्र आजही हीच, की हे कोरोनामुळे की त्यानंतर घेतलेल्या लसीमुळे. अहो, लस त्यांनी फोड येऊन गेल्यावर तीन महिन्यांनी घेतली!

दुसरा चाकणला शिफ्टमध्ये काम करणारा, चाळिशीतला. दुसऱ्या डोसनंतर आठ-दहा दिवसांनी बरगडीखाली आग सुरू झाली. कंपनीतल्या नर्सताईने शर्ट वर करून बघितलं, फोडांची पहिली रांग दिसली, आणि त्याला शिफ्ट अर्धी सोडून डॉक्टरकडे पिटाळलं. त्याच संध्याकाळी तो माझ्याकडून गोळ्या घेऊन गेला. दोन-अडीच आठवड्यांत कामावर. त्याचं ठाम मत आहे की लसीमुळेच झालं. असेलही. त्याच्या मताने त्याच्या तब्येतीला काही फरक पडला नाही. फरक पडला तो नर्सताईमुळे.

दोघांचं नुकसान किती झालं ते कारणावरून ठरलं नाही. पहिली गोळी कितव्या दिवशी पोटात गेली, त्यावरून ठरलं.

७२ तासांचा हिशोब

नागिणीवर औषध आहे. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर. ते विषाणूची वाढ थांबवतं. पण विषाणू वाढत असतानाच ते उपयोगी. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात चांगला गुण येतो. उशीर झाला तरी डॉक्टरकडे जायचंच. नवे फोड येत असतील किंवा डोळ्याचा प्रश्न असेल तर डॉक्टर उशिराही सुरू करतात. ॲसायक्लोव्हिरचा मोठ्या माणसाचा नेहमीचा कोर्स ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस. एकूण ३५ गोळ्या. ब्रँडप्रमाणे हजार-दीड हजारापर्यंत जातात, जेनेरिक त्याहून स्वस्त. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार नाही.

उशीर झाला की काय होतं? फोड सुकतात, खपल्या पडतात, पण वेदना मागे राहते. नागीण झालेल्या दर दहा जणांत एक-दोघांना हे होतं आणि साठीच्या पुढे जास्त. महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं. रात्री झोप नाही, बनियन घालवत नाही. अशी माणसं माझ्याकडे दर महिन्याला प्रीगाबालिन नाहीतर गॅबापेंटिनची चिठ्ठी घेऊन येतात. दर महिन्याला तो खर्च, आणि गोळीने गुंगी येते म्हणून शेतात, गाडीवर जाता येत नाही ते वेगळंच.

म्हणून एवढं पाठ करा:

१. अंगाच्या एकाच बाजूला आग, टोचल्यासारखं, करंट लागल्यासारखं दुखत असेल तर दुखतं तिथली कातडी रोज बघा. फोड यायच्या आधी दोन-चार दिवस नुसतंच दुखतं. छातीत असलं तर हार्टची शंका येते, कमरेत असलं तर मुतखड्याची. छातीत दुखत असेल तर आधी हार्टचीच तपासणी करा, पण कातडी बघायला विसरू नका.

२. फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टर. रविवार असला तरी.

३. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याच्या डॉक्टरकडे, त्याच दिवशी. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तरी तीच घाई.

४. घरात पडलेली कुठलीही खाजेची ट्यूब लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं.

५. फोड झाकून ठेवा. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाई आणि तान्हं बाळ लांब ठेवा.

६. शुगर तपासा. तरुण वयात नागीण निघाली किंवा परत परत निघाली तर डॉक्टर आणखी तपासण्या सांगतील, त्या लाजून टाळू नका.

उतरवणाऱ्यांबद्दल

हे वाचून कुणी म्हणेल, हा आमच्या परंपरेवर घसरला. नाही. नागीण उतरवणारे बहुतेक लोक पैसे घेत नाहीत. धीर देतात, पाठीवरून हात फिरवतात, दूर्वा-तांदळाचा लेप नाहीतर गेरू लावतात. माणसाला बरं वाटतं. नागीण दोन-चार आठवड्यांत तशीही सुकते, म्हणून गुण आला असं वाटतं. त्यांच्याशी माझं वैर नाही. ज्या तुकोबांनी बुवाबाजीवर आयुष्यभर कोरडे ओढले त्यांच्या गावात यावर मी वेगळं भाषण देत नाही. माझी त्या मंडळींना हात जोडून एकच विनंती आहे. तुमच्याकडे माणूस आला की पहिलं वाक्य हे बोला, "आधी डॉक्टरची गोळी चालू कर, मग माझ्याकडे ये." तुमचा शब्द लोक माझ्यापेक्षा जास्त ऐकतात. तुमच्या या एका वाक्याने एखाद्याचा डोळा वाचेल. आणि उघड्या फोडांवर काही चोळू नका, त्यात पू होतो.

लसीमुळे झालं असं वाटतं? मग नोंद करा

हे लसीवर राग असणाऱ्या मित्रांसाठी. तुमच्या रागाला माझी ना नाही, पण फॉरवर्ड करून तो वाया जातो. लसीनंतर किंवा कुठल्याही औषधानंतर त्रास झाला तर त्याची नोंद करण्याची सोय आहे. सरकारच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो. लस जिथे घेतली त्या आरोग्य केंद्रातही लेखी कळवता येतं, तिथून ते जिल्ह्याच्या समितीकडे जायला हवं.

२ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच निकालात कोर्टाने सरकारला सांगितलं की लसीनंतरच्या त्रासाची नोंद सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरला ऑनलाइन करता आली पाहिजे आणि ती माहिती, नाव-गाव न उघडता, लोकांना बघता आली पाहिजे. हा भाग कुणी फॉरवर्ड केला नाही. खरी मागणी इथे आहे. नागीण हा काही आयसीयूत नेणारा त्रास नाही, म्हणून तो "किरकोळ" धरून कागदावर येतच नाही. आणि कागदावर आलं नाही की दोन्ही बाजूंना वाटेल ते बोलायला मोकळं रान.

लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सांगतो. नोंद वाढली तर लस बदनाम होईल ही भीती सोडा. मोजलेला धोका लहान दिसतो, लपवलेला धोका मोठा वाटतो.

गावासाठी चार मागण्या

एक. गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात ॲसायक्लोव्हिरच्या ८०० च्या गोळ्यांचा साठा कायम असावा, आणि दारावर मराठीत ठळक बोर्ड असावा: "नागीण? तीन दिवसांच्या आत या." नगरपंचायतीने एवढा बोर्ड केला तरी चालेल, खर्च किती येणार?

दोन. तळवडे, चाकण, तळेगावच्या कंपन्यांच्या ओएचसीमध्ये नागीण ओळखण्याचं एक पानी पत्रक द्यावं. आपल्या गावातली निम्मी पोरं तिथे आहेत. एका नर्सताईने काय फरक पडला ते वर सांगितलंच.

तीन. वारी. आषाढीला इथून प्रस्थान होतं तेव्हा राज्यभरातून वारकरी येतात, त्यातले कितीतरी साठीच्या पुढचे. अठरा-एकोणीस दिवस चालणं, पावसात भिजणं, झोप कमी, शुगरची गोळी चुकलेली. त्यांना वाटेत नागीण निघाली तर ती पंढरपूरहून घरी जाईपर्यंत अंगावरच निघते. "आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी" म्हणून सरकार २०२३ पासून मोठी यंत्रणा लावतं, चांगलं काम आहे. त्या पथकांच्या पेटीत पायाच्या मलमाबरोबर या गोळ्याही असाव्यात, आणि दिंडीप्रमुखांना नागीण कशी दिसते ते एकदा समजावून सांगावं.

चार. नागिणीची लस. होय, नागिणीचीही लस आहे. २०२३ पासून भारतात मिळते, ५० च्या वरच्यांसाठी, दोन डोस. मोठ्या चाचणीत पन्नाशीच्या पुढच्यांत ती सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीच्या पुढच्यांत ९० टक्क्यांच्या आसपास उपयोगी ठरली. पण दोन्ही डोस मिळून खर्च वीस हजारांच्या घरात. सरकारी कार्यक्रमात नाही. ज्याला परवडतं त्याने डॉक्टरांना विचारून घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी, निदान कॅन्सर आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांसाठी, सरकारने ती द्यावी अशी मागणी करायला काय हरकत आहे? कंपनीचा धंदा होईल म्हणून गप्प बसायचं का? सरकारने मोठी खरेदी केली की भाव खाली येतोच.

या चार मागण्यांचं निवेदन मी तयार करतोय. नगरपंचायत आणि तालुका आरोग्य अधिकारी, दोघांना द्यायचं आहे. ज्यांना सही करायची त्यांनी कमेंटमध्ये नुसतं "मी आहे" लिहा. लस घेतलेले, न घेतलेले, लसीला शिव्या देणारे, सगळे चालतील. गोळी वेळेवर मिळावी याला कुणाचा विरोध असेल असं वाटत नाही.

आणि ही पोस्ट पुढे पाठवायची असेल तर सगळी नाही पाठवली तरी चालेल. "फोड दिसल्यापासून ७२ तास" एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडी सांगा. ती व्हॉट्सॲप वाचत नाहीत, आणि नागीण त्यांनाच जास्त निघते.

राम कृष्ण हरी.